उलटलेल्या आजाराचा माग

अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार होऊन गेलेल्या बाईचा सिटी स्कॅन पडद्यावर उघडला की मी ओटीपोट आधी पाहत नाही. आजार तिथे सुरू झाला हे खरं, पण ती अंडाशयं, गर्भाशयाची पिशवी, सगळं ऑपरेशनमध्ये निघून गेलेलं असतं. मी आधी वर जाते, उजव्या श्वासपटलाखाली, यकृताच्या माथ्यावर. तिथे यकृताची कड गुळगुळीत आहे की कुठे आत दबलेली आहे, ते नीट पाहून घेते आणि मग सावकाश खाली उतरते. रेडिओलॉजी शिकायला आलेल्या मुलामुलींना सुरुवातीला याचं नवल वाटतं. आजार खाली होता, मग मॅडम वर काय शोधतायत?

उत्तर या कॅन्सरच्या पसरण्याच्या तऱ्हेत आहे. स्तनाचा कॅन्सर रक्तातून आणि लसिकेतून हाडांत, फुप्फुसांत जातो. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा गाठीवरून सुटतात आणि पोटाच्या पोकळीतच पडतात. या पोकळीत प्रत्येकाच्या थोडंसं पातळ पाणी असतं आणि ते एका जागी थांबत नाही. आपण श्वास घेतो-सोडतो तसा श्वासपटलाखालचा दाब बदलतो आणि पाणी वर ओढलं जातं. डावीकडे मोठ्या आतड्याला धरून ठेवणारी एक घडी त्याची वाट अडवते; उजवीकडे वाट मोकळी असते. म्हणून ते मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेने चढतं, यकृताखालच्या खोलगट जागेत थोडं रेंगाळतं आणि श्वासपटलापाशी पोचतं. तिथल्या लसिकावाहिन्या ते शोषून घेतात. पाण्याबरोबर पेशीही निघतात, आणि जिथे पाणी रेंगाळतं तिथे रुजतात. मॉर्टन मेयर्स या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने १९७० च्या दशकात ही वाट दाखवून दिली. तेव्हा सिटी स्कॅन नुकता कुठे आला होता. यंत्रं कितीतरी बदलली, पण मी आजही स्कॅन त्याच वाटेने वाचते.

खाली उतरताना थांबण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. प्लीहेभोवतीची जागा. जठर आणि मोठं आतडं यांच्यामधली चरबी, कारण ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा ऑपरेशनमध्ये बहुधा काढलेला असला तरी त्याचे काठ मागे उरतात. मग आतड्यांचे वेढे. त्यांना रक्त पुरवणारा जो पंख्यासारखा उलगडणारा भाग आहे, मेसेंटरी, त्याच्या मुळाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवते. तिथली चरबी पडद्यावर काळसर, स्वच्छ दिसायला हवी. ती जराशी धुरकट दिसली, घड्या एकमेकींकडे ओढल्यासारख्या वाटल्या, की जुना स्कॅन शेजारी उघडून तीच पातळी तिथे शोधायची. शेवटी ओटीपोटाचा तळ, योनिमार्गाचा वरचा टाका, गुदाशयाच्या पुढची खोलगट जागा, आणि महाधमनीच्या कडेच्या लसिकाग्रंथी.

जुना स्कॅन शेजारी असणं किती मोलाचं आहे, हे मी प्रत्येक पेशंटला सांगते. पुष्कळ बायका एसटीने किंवा रेल्वेने येतात, हातात कापडी पिशवी, पिशवीत फाईल. फाईलमध्ये औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, डिस्चार्ज कार्ड सगळं जपून ठेवलेलं असतं आणि नेमकी सीडी घरी राहिलेली असते. मला रिपोर्टच्या कागदापेक्षा त्या चित्रांची गरज जास्त असते. ७ मिलिमीटरची एक गाठ मागच्या वर्षीही ७ मिलिमीटरच होती की तेव्हा तिथे काहीच नव्हतं, यावर अर्थ पूर्ण बदलतो.

एक बारीकशी गोष्ट आहे, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. स्कॅनआधी आतडी ओळखू यावीत म्हणून पेशंटला काहीतरी प्यायला देतात. पूर्वी सर्रास चित्रात पांढरं दिसणारं औषध दिलं जायचं. पण अंडाशयाच्या कॅन्सरच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात गाठींमध्ये कधी कधी कॅल्शियम जमतं आणि तेही पांढरंच दिसतं. आतड्यात पांढरं औषध आणि आतड्याच्या बाहेर चिकटलेली पांढरी गाठ, हे डोळ्याला वेगळं काढता येत नाही. म्हणून या बायकांना मी साधं पाणी किंवा मॅनिटॉलचं पाणीच प्यायला सांगते. तासभर थोडं थोडं पीत राहायचं, मग हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट. ते जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, आणि कुणी आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरून हालते. हालली की श्वासपटलाखालची तीच नाजूक जागा धूसर येते. टेक्निशियनने दोन वाक्यं आधी बोलावीत, यासाठी मी आग्रह धरते.

इतकं करूनही सिटी स्कॅनला एक मर्यादा आहे आणि ती पेशंटला कळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. उदरावरणावरच्या मोठ्या गाठी सिटीत चांगल्या दिसतात. पण १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींच्या बाबतीत, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात, तपासणाऱ्यांना २५ ते ५० टक्केच सापडल्या होत्या. म्हणजे निम्म्या किंवा त्याहून जास्त निसटल्या. त्यानंतर यंत्रं सुधारली, काप पातळ झाले, तरी पोट उघडल्यावर सर्जनला आतड्यांच्या आवरणावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसावेत आणि माझ्या स्कॅनमध्ये तिथे काहीही नसावं, हे अजूनही घडतं. अशा वेळी सर्जनचा फोन आला की मी तो स्कॅन पुन्हा उघडते. तिथे मेसेंटरी किंचित आखडलेली होती का, एखादा वेढा एका जागी खिळून होता का, हे शोधत बसते. कधी काही सापडतं. पुष्कळदा खरोखरच काही नसतं.

एके काळी याच कारणासाठी केमो संपल्यावर पोट पुन्हा उघडून पाहायची पद्धत होती. बाई ठणठणीत, रक्ततपासणी नॉर्मल, स्कॅन स्वच्छ, आणि तरी त्यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांच्या पोटात आजार सापडायचा. ती पद्धत पुढे मागे पडली, कारण नुसतं पाहून आयुष्य वाढतं असं दिसून आलं नाही. या इतिहासाचा मला फार उपयोग होतो. ‘स्कॅन क्लिअर आहे’ या वाक्याने घरात पेढे वाटले जातात, आणि ते वाटावेतच. पण डॉक्टरने त्या वाक्याचा अर्थ ‘दिसण्याइतकं काही नाही’ एवढाच आहे हे मनाशी ठेवलं पाहिजे. प्रगत टप्प्यावर सापडलेल्या बायकांपैकी दहातल्या सातांचा आजार कधी ना कधी उलटतो. तो शून्यातून उगवत नाही. न दिसणाऱ्या दाण्यांतूनच तो वाढलेला असतो.

मग पेट स्कॅन का करत नाही, असं नातेवाईक विचारतात. हल्ली तर तेच आधी विचारतात, कारण पेट म्हणजे सगळ्यांच्या वरचा स्कॅन, अशी समजूत झाली आहे. २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला पेट स्कॅनर सुरू झाला. आज जिल्ह्याच्या गावीही ही सोय पोचते आहे. तत्त्व सोपं आहे. एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या बहुतेक पेशी साखर हावरेपणाने ओढतात, म्हणून त्या जागा उजळून दिसतात. या औषधाचा जोर ११० मिनिटांत निम्मा होतो. सायक्लोट्रॉन असलेल्या शहरातून ते पहाटे गाडीने निघतं, आणि पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तर इकडे उपाशीपोटी बसलेल्या पेशंटची वेळ पुढे ढकलावी लागते.

रक्तातला कॅन्सरचा मार्कर, म्हणजे सीए-१२५, चढतो आहे आणि सिटीत काही सापडत नाही, तिथे पेटसारखी मदत दुसऱ्या कशाची होत नाही. सिटीत नॉर्मल आकाराची म्हणून सोडून दिलेली लसिकाग्रंथी पेटमध्ये चमकते. छातीत, हृदयाच्या खालच्या कोपऱ्यात, काखेत, जिथे कुणी पाहिलंच नसतं तिथे आजार पोचल्याचं कळतं. पण उजळलेलं सगळं कॅन्सर नसतं. ही साखर लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय लख्ख दिसतं आणि त्याला टेकलेली लहान गाठ त्या उजेडात हरवते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर आतडीच्या आतडी उजळतात, आणि आतड्यांवरच्या गाठी शोधायच्या असतात तेव्हा नेमका तिथेच घोटाळा होतो. म्हणून फिजिशियनला विचारून गोळी दोन दिवस आधी थांबवायला सांगावी लागते. आपल्याकडे या वयातल्या कितीतरी बायका ही गोळी घेतात आणि फॉर्मवर नुसतं ‘शुगर आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. ५-६ मिलिमीटरच्या खालच्या दाण्यांच्या बाबतीत तर पेटचाही भरवसा नाही.

आणि टीबी. आपल्या देशात हा स्कॅन वाचताना टीबीचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पोटाचा टीबी आणि अंडाशयाचा कॅन्सर यांचं चित्र इतकं सारखं असू शकतं की पोटात पाणी, जाड झालेलं ओमेंटम, उदरावरणावर दाणे, वाढलेला सीए-१२५, सगळं दोन्हीकडे सापडतं. टीबीच्या ग्रंथीही एफडीजी भरपूर ओढतात. एका बाईंच्या पेटमध्ये छातीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी ग्रंथी उजळल्या होत्या आणि पोटात काहीच नव्हतं. घरचे खचले होते, पुन्हा केमो सुरू करायची बोलणी झाली होती. पोट स्वच्छ आणि छातीत एवढा पसारा, हे या कॅन्सरच्या वाटेत बसत नव्हतं, म्हणून आम्ही आधी सुईने तुकडा घ्यायचा आग्रह धरला. टीबी निघाला. आजार उलटला असं पहिल्यांदाच म्हणायची वेळ येते तेव्हा, शक्य असेल तिथे, तुकडा काढून पाहावा असं मला वाटतं ते अशा अनुभवांमुळे.

मार्करविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या बायकांच्या आयुष्यात त्या आकड्याचं राज्य असतं. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सीए-१२५ शोधला. ३५ पर्यंत नॉर्मल धरतात. आमच्याकडे येणाऱ्या एक काकू, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एका छोट्या डायरीत प्रत्येक तारखेपुढे तो आकडा लिहून ठेवतात. ११, १४, १३, मग १९, मग ३१. तिशी ओलांडली तेव्हा त्यांची झोप गेली. पोटात दुखत नव्हतं, जेवण जात होतं, रोज सकाळी फिरायलाही जात होत्या. मुलगा म्हणाला, मॅडम, उद्याच पेट करू.

आकडा चढताच धावपळ करावी का, या प्रश्नावर एक फार महत्त्वाची चाचणी झालेली आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. गॉर्डन रस्टिन यांच्या नेतृत्वाखाली युरोपात झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचारांनंतर बऱ्या असलेल्या ज्या बायकांचा मार्कर नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दुपटीपुढे गेला, अशा ५२९ जणींचे दोन गट केले. एका गटाला तो आकडा कळताच केमो, दुसऱ्या गटाला त्रास किंवा इतर लक्षणं दिसेपर्यंत थांबून मग केमो. पहिल्या गटाची केमो जवळजवळ ५ महिने आधी सुरू झाली. आयुष्य मात्र वाढलं नाही: मध्यक २५.७ महिने आणि २७.१ महिने. जे आधी सुरू झालं ते केमोचा थकवा आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या.

हे वाचून काहींना वाटतं, मग तपासूच नका. मला तसं वाटत नाही. त्या चाचणीत आजार लवकर कळल्यावर जे करता येत होतं ते केमोच होतं. आज बीआरसीए जनुकांची तपासणी आहे, पार्प गटातली औषधं आहेत, आणि निवडक बायकांत दुसऱ्यांदा ऑपरेशन करता येतं. त्यामुळे कधी शोधायचं या प्रश्नाचं उत्तर, सापडल्यावर त्या बाईसाठी काय करता येण्याजोगं आहे यावर अवलंबून राहतं. ठणठणीत बाईला दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करत राहणं मला पटत नाही. खर्च आहे, किरणांचा डोस आहे, प्रत्येक स्कॅनच्या आधीचे आठ दिवस घर श्वास रोखून असतं, आणि त्यातून पुढचं काही ठरत नसेल तर हे सगळं सोसायचं कशासाठी? मार्कर खात्रीने चढू लागला, पोट फुगल्यासारखं वाटू लागलं, थोडंसं खाल्लं की पोट भरू लागलं, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

ऑपरेशनचा निर्णय हे सध्याच्या इमेजिंगचं सर्वांत कसोटीचं काम आहे. अमेरिकेतली जीओजी-०२१३ ही चाचणी २०१९ मध्ये आली. ४८५ बायका, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन केलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही. दोन वर्षांनी जर्मन गटाची डेस्कटॉप-३ आली. ४०७ बायका, ऑपरेशन झालेल्या गटाच्या आयुष्याचा मध्यक ५३.७ महिने, नुसत्या केमोचा ४६. उलट उत्तर का आलं, यावर पुष्कळ चर्चा झाली. मला पटणारं कारण निवडीचं आहे. जर्मन चाचणीत बाईची तब्येत चांगली, पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा आजार निघालेला, आणि आता पोटात पाणी ५०० मिलिलिटरच्या आत, असे नियम घालून बायका घेतल्या होत्या. अमेरिकेत ती निवड सर्जनच्या अंदाजावर होती. त्याहून बोलका आकडा आणखी आतला आहे: जर्मन चाचणीत ज्यांचा सगळा दिसणारा आजार निघाला त्यांचा मध्यक ६१.९ महिने, आणि ज्यांच्या पोटात काही राहिलं त्यांचा २८.८. अर्धवट ऑपरेशनने काही मिळत नाही, वेदना मात्र मिळतात. चीनमधल्या सॉक-१ या चाचणीत तर निवडीसाठी ठरवलेल्या एका गुणांकाबरोबर पेट-सिटीही धरला होता, आणि ऑपरेशन झालेल्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ११.९ वरून १७.४ महिन्यांवर गेला.

या आकड्यांनी माझ्या कामाची दिशा बदलली. पूर्वी मी आजार आहे हे सिद्ध करून थांबत असे. आता सर्जनला हवं असतं ते वेगळं. एकच जागा आहे की अनेक? लहान आतड्याच्या मुळाशी आजार आहे का, कारण तिथे असेल तर तो पूर्ण काढणं जवळपास अशक्य असतं. यकृताच्या पृष्ठभागावरची गाठ आत शिरली आहे का? मूत्रवाहिनी अडकली आहे का? रिपोर्टमध्ये या जागा एकेक करून लिहिलेल्या हव्यात, आणि जिथे नीट दिसलं नाही तिथे ‘इथे सांगता येत नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं हवं. आतड्यांवरच्या पातळ थरासाठी डिफ्यूजन एमआरआयची मदत होते. पेशी दाटीने भरलेल्या जागी पाण्याच्या रेणूंची हालचाल कोंडते, ती त्यात दिसते. किरणांचा डोसही नसतो. पण पाऊण तास त्या नळीत निपचित पडून राहावं लागतं, आणि पोटात पाणी झालेल्या बाईला ते फार जड जातं.

ज्यांचं ऑपरेशन होणार नाही त्यांच्या स्कॅनलाही मी तितकाच वेळ देते. आतडं अडकलं असेल तर एका जागी की अनेक जागी, हे कळलं तर त्या बाईच्या उलट्या थांबवायचा मार्ग ठरतो. पाणी कुठे साचलं आहे हे नीट सांगितलं तर सुई एकदाच टोचावी लागते. माझ्या मते हे काम कुठल्याही नव्या गाठीच्या शोधाइतकंच मोठं आहे.

रिपोर्ट इंग्रजीत निघतो. तो आधी मुलाच्या किंवा जावयाच्या फोनवर जातो, तिथून आणखी दहा जणांकडे. पुष्कळ घरांतून मला दारातच अडवलं जातं: ‘मॅडम, आईला काही सांगू नका.’ त्यामागची माया मला दिसते. तरीही मी ते ऐकत नाही, निदान बाईंनी स्वतः विचारलं तर. पोट त्यांचं आहे, केमो त्यांना घ्यायची आहे, आणि बहुतेकींना आधीच कळलेलं असतं.

डायरीवाल्या काकूंनी मुलाच्या देखत मला सांगितलं, चित्र मला दाखवा. पुढच्या तपासणीत मार्कर ६२ झाला होता, म्हणून सिटी आणि पेट दोन्ही केले होते. मी खुर्ची पुढे ओढून त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी पहिलं विचारलं ते, यकृत उजवीकडे असतं ना, मग इथे डावीकडे कसं. आम्ही पायाच्या बाजूने वर पाहिल्यासारखं चित्र बघतो हे मी सांगितलं. मग प्लीहेजवळची दीड सेंटिमीटरची गाठ दाखवली आणि महाधमनीच्या डाव्या कडेची एक ग्रंथी. पेटमध्ये दोन्ही उजळल्या होत्या, बाकी पोटात कुठेही काही नव्हतं, पाणीही नव्हतं. त्यांची शेवटची केमो संपून दोन वर्षं होत आली होती आणि पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर काही शिल्लक न राहिल्याची नोंद होती. लहान आतड्याच्या मुळाशी एका जागी चरबी मला पूर्ण स्वच्छ वाटत नव्हती. तेही मी त्यांना दाखवलं आणि तिथे खात्री देता येत नाही असं सांगितलं. त्यांनी डायरी काढली, गाठीचं माप लिहून घेतलं, आणि सर्जनला विचारायचे प्रश्न त्याखाली क्रमाने मांडले. त्याच आठवड्यात सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि मी एकत्र बसलो. गाठीतून सुईने घेतलेला तुकडा कॅन्सरचाच निघाला. ऑपरेशनच्या दिवशी आधी दुर्बिणीतून ती मेसेंटरीची जागा पाहायची, ती मोकळी असेल तरच पुढे जायचं, असं ठरलं. त्याआधी डिफ्यूजन एमआरआय करून घ्यायचा. काकूंनी सोमवारची सकाळची वेळ मागून घेतली.